हिरवा ठिपका

सुकुमारदादा फोनवर एवढंच म्हणाले होते,
"मेलंय बगा. काल सांजंपर्यंत चांगलं हुतं."
माणसाबद्दल सांगताना आवाज उतरतो तसा उतरलेला.
तासगावहून सावळजपर्यंत तो आवाज
स्कूटीवर माझ्यामागं बसून आला.

शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा,
हिरवा, पिवळा, कडेचा थोडा करपलेला,
आणि गंधकाच्या धुरीचा तो वास
जो घरी गेल्यावरही ओढणी सोडत नाही.
पत्र्याच्या आडोशाला ऑफिस.
कॅबिनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटं,
खंडेनवमीची, अजून पुसलेली नाहीत.

विजयमाला खुर्ची सोडून भिंतीला टेकलेली.
"मी काय केलं न्हाई वो.
रोजच्यागत बटण दाबलं. एकदा.
मग धा-बारा डाव."
दादा तिच्याकडं न बघता म्हणाले,
"सोमवारी सौदा हाय. समद्यांचा हिशेब त्यातच."
कुणी कुणाला काही म्हटलं नाही.
म्हटल्यासारखं मात्र झालं.

मिरजेत इलाहीचाचांच्या रेडिओच्या दुकानात
मी चार वर्षं डाग द्यायला शिकले.
ते म्हणायचे, आधी भिंतीला विचार.
म्हणून सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावला. चालतो.
वायर बदलली. तीच शांतता.
मागचा बारका स्विच? चालूच.
(गेल्या महिन्यात कवठ्यात तोच बंद होता.
दोनशे रुपये घेतले,
आणि येताना रस्ताभर लाज वाटली.)

चार स्क्रू. चौथा कुणीतरी आधीच नेलेला.
आत कोळ्याचं जाळं, लोकरीसारखी धूळ,
आणि पंख्याखाली एक वाळका बेदाणा.
तो तिथं कसा, हे मी विचारलं नाही.
वायर परत जोडली.
बोर्डाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला,
मोहरीएवढा.
"बघा, करंट येतोय इथवर."
दादा वाकले.
विजयमाला एक पाऊल पुढं आली
आणि तिथंच थांबली.

वायर काढली. जाड जुडगं बोर्डावरून उपसलं.
यू-पिन वाकवून हिरवी तार काळीला भेटवली,
करंट दिला, आणि सप्लायचा पंखा घरघरला.
म्हणजे तोही नाही.
सगळं परत जागेवर. रॅम काढून
खोडरबरानं घासली. खरं तर गरज नव्हती,
पण हात रिकामा दिसला की लोक विचारतात
खर्च किती येईल.

राहिलं बटण.
त्याच्यापासून बोर्डापर्यंत हातभर दोन तारा,
दोऱ्याएवढ्या. त्या उपटल्या,
आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना
स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. टेकवलं न टेकवलं.

टूं.

स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली,
मागोमाग दादांच्या नातवाचा फोटो,
टोपी घातलेला, बोळकं हसणारा.

बटण फोडून दाखवलं.
आतली पत्ती काजळ धरल्यागत काळी.
बेदाण्याला सोनेरी ठेवणारा धूर
रोज थोडा थोडा इथं येऊन बसत होता.
"म्हंजी?"
"म्हणजे मशीनला काही झालं नव्हतं.
ताई दाबत होत्या, ते त्याला पोचतच नव्हतं."
हे जरा मोठ्यानंच बोलले,
बाहेर बेदाणा निवडणाऱ्या बायकांना जाईल इतपत.

नवं बटण सांगलीहून यायला दोन दिवस.
तोवर शेजारच्या रीसेटच्या तारा तिथं बसवल्या.
हरभऱ्याएवढं बटण,
इतक्या वर्षांत कुणी बोट न लावलेलं.
मशीन बंद केलं, आणि म्हटलं, तुम्ही दाबा.
विजयमालानं पदराला बोट पुसलं.
डोळे मिटले. दाबलं.

चहा आला. कागदात मूठभर बेदाणा आला.
पावतीवर कारण काय लिहू, विचारलं.
"ल्हिवा कायबी," दादा म्हणाले.
ती खुर्चीत बसली होती, पाठ आमच्याकडं,
सोमवारची यादी उघडत.
तशीच म्हणाली,
"धूर ल्हिवा."

लिहिलं.